फाइल कार्यालयाची असावी म्हणून

जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी तालुक्यातल्या पॅकहाउसांना उसंत नसते. द्राक्षांचा कंटेनर निघतो तेव्हा त्याच्यासोबत कागदांचाही एक गठ्ठा निघतो. प्लॉटची नोंदणी, फवारण्यांची नोंद, प्रयोगशाळेचा रेसिड्यू अहवाल, प्रतवारीचे प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. २००६ च्या सुमारास अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकी व्यवस्था सुरू केली आणि युरोपातल्या दुकानात ठेवलेल्या पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून आपली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा कोणत्या बागेत काय आणि कधी मारले याची नोंद हाताशी असणे किती मोलाचे आहे, हे या साऱ्या पट्ट्याने पाहिले.

ही नोंद आज कुठे असते? पुष्कळ ठिकाणी ती एका संगणकाच्या डेस्कटॉपवर असते, तो संगणक ज्याच्या टेबलावर आहे त्याच्या सवयीने नावे दिलेल्या फोल्डरांत. दुसऱ्याला हवी असेल तर ती पेन ड्राइव्हवर जाते किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवली जाते, आणि त्या क्षणी एका फाइलीच्या दोन फाइली होतात. संध्याकाळपर्यंत दोन्हींत वेगवेगळे बदल झालेले असतात. मग कुठली खरी, हे ज्याने केली त्यालाच विचारावे लागते. तो रजेवर असला की काम थांबते. त्याने नोकरी सोडली तर वर्षाचे दप्तर त्याच्यामागे पोरके होते.

फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा संगणक, बसवायचा तो यासाठी. डिस्क मोठी मिळावी, काम झपाट्याने व्हावे, हे फायदे नंतरचे. फाइल व्यक्तीच्या ताब्यातून निघून कार्यालयाच्या मालकीची व्हावी, तिची खरी प्रत एकाच ठाऊक जागी असावी आणि ती कोणी पाहावी, कोणी बदलावी हे ठरलेले असावे, एवढ्या एका हेतूने हे पुस्तक लिहिले आहे. वणी, दिंडोरी, कळवण, सुरगाणा, पिंपळगाव अशा गावांतली पाच ते पंधरा संगणकांची कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले. पॅकहाउस, शेतकरी उत्पादक कंपनी, करसल्लागार, पतसंस्था, विकास सोसायटी, शाळेचे कार्यालय, खते-औषधांचा मोठा दुकानदार, हे त्याचे वाचक.

आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. पेशव्यांचे दप्तर रुमालांत बांधून ठेवलेले होते, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत रियासतकार सरदेसाई त्यातून पंचेचाळीस खंड निवडून काढू शकले ते कागद जागच्या जागी राहिले म्हणून. तलाठ्याच्या सज्जात गावनमुन्यांना क्रमांक असतात. सातबारा कुठला आणि फेरफार कुठला, हे नव्या तलाठ्याला जुन्या तलाठ्याकडून वेगळे शिकावे लागत नाही. सरकारी अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. काय कायमचे ठेवायचे आणि काय मुदतीनंतर काढायचे हे आधीच ठरलेले असते. संगणक आला तेव्हा आपण कागद आत नेले, ही व्यवस्था मात्र बाहेरच राहिली. माझ्या मते लहान कार्यालयांच्या बहुतेक संगणकी दुखण्यांचे मूळ इथे आहे, आणि त्यावर महागडे यंत्र हा इलाज नव्हे.

आता या विषयाचा मागचा रस्ता थोडक्यात. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि टेबलाटेबलावर स्वतंत्र डिस्क झाल्या. डिस्क तेव्हा फार महाग होती, छपाईयंत्रही महाग होते. ते सर्वांनी मिळून वापरावे ही गरज लगेच उभी राहिली. १९८३ मध्ये नोव्हेल कंपनीचे नेटवेअर आले आणि पुढची दहा वर्षे कार्यालयातला सर्व्हर म्हणजे नेटवेअर असेच समीकरण होते. आपल्याकडच्या संगणक संस्थांतही नव्वदच्या दशकात ‘नोव्हेल’ शिकवले जाई. नेटवेअर आले त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी दूरच्या फाइली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरता याव्यात म्हणून एसएमबी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलण्याचे नियम, रचला. मायक्रोसॉफ्टने तो उचलला, वाढवला, १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मधून टेबलावर आणला आणि १९९३ च्या विंडोज एनटीतून सर्व्हरवर. युनिक्सच्या जगात सन कंपनीने याच कामासाठी १९८४ मध्ये एनएफएस आणले होते. आज विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरवर तुम्ही क्लिक करता तेव्हा मागे एसएमबीच बोलत असतो, पुष्कळ सुधारलेला.

या इतिहासातले एक पान मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल हा पीएचडीचा विद्यार्थी होता. युनिक्स यंत्रावरची डिस्क त्याला आपल्या साध्या पीसीवरून वापरायची होती. त्यासाठी लागणाऱ्या प्रोटोकॉलचा तपशील हाताशी नव्हता. त्याने केबलमधून जाणारे संदेश पकडले, कुठल्या विनंतीला काय उत्तर येते ते पाहिले आणि तसाच बोलणारा सर्व्हर स्वतः लिहिला. तोच पुढे सांबा झाला. जेरेमी अॅलिसन आणि जगभरचे अनेक जण त्यात मिळाले. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये, प्रोटोकॉलची माहिती इतरांना द्यावी असा, मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहा हजार युरोंच्या एकरकमी शुल्कावर सांबाच्या मंडळींना प्रोटोकॉलची कागदपत्रे मिळाली. २०१२ मध्ये सांबा ४ आला तेव्हा विंडोजच्या डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे जाळ्यातली सर्व खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचे, कामही तो करू लागला. जाळ्याला जोडून फाइली ठेवायच्या, बाजारात ‘नॅस’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक लहान पेट्यांच्या आत सांबाच चालतो. वणीतल्या एखाद्या कार्यालयाला जुन्या संगणकावर, परवान्याचा एक रुपयाही न देता, सर्व्हर उभा करता येतो तो या माणसांच्या चिकाटीमुळे. पुस्तकाचा मोठा भाग सांबावर आहे याचे हे एक कारण.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ग्रामीण कार्यालयांना जाळ्यात आणण्याचा गाजलेला प्रयोग वारणानगरचा. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावे वारणा साखर कारखान्याच्या संगणकांशी जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. उसाचे वजन, बिल, खताची मागणी हे गावातल्या केंद्रावर कळू लागले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी पाहिले, तेव्हा केंद्रांवरचे संगणक सांभाळण्याचा खर्च आणि त्रास डोईजड झाला होता. त्यांनी काही गावांत तेच काम मोबाइलच्या संदेशांवर करून दाखवले. वारणेचा धडा सरळ आहे: यंत्र बसवण्याचा खर्च एकदाच येतो, सांभाळण्याचा दर महिन्याला. आता केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या त्रेसष्ट हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आहे. म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या सचिवांसमोर हाच प्रश्न येणार. मुख्य हिशेब दूरच्या सर्व्हरवर जाईल, पण ठराव, कर्जप्रकरणांची स्कॅन केलेली कागदपत्रे, पत्रव्यवहार यांचे काय? ते इथेच राहणार, आणि सांभाळावेही इथेच लागणार.

फाइली एकत्र ठेवण्याचे आज मुख्यतः पाच मार्ग आहेत. पहिला म्हणजे एखाद्या कर्मचाऱ्याच्याच संगणकावर फोल्डर शेअर करणे. आपल्याकडे हाच सर्वांत रुळलेला. टॅलीचा डेटा असा एका ‘मेन’ संगणकावर ठेवलेला असतो आणि बाकीचे त्यावर काम करतात. तो संगणक कोणी रीस्टार्ट केला की सगळ्यांची नोंद अर्धवट राहते. शिवाय साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी वीसच जोडण्यांची मर्यादा आहे. दुसरा मार्ग विंडोज सर्व्हर आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरी. पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीला तो शोभतो; पाच माणसांच्या कार्यालयाला परवान्यांचा भार नाहक होतो. तिसरा मार्ग लिनक्स आणि सांबा. चौथा तयार नॅस पेटीचा किंवा ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट अशा मोफत प्रणालींचा, ज्यांत आज्ञा लिहाव्या लागत नाहीत, ब्राउझरमधून सगळे ठरवता येते. पाचवा क्लाउडचा.

क्लाउडविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण तरुण मंडळी पहिला प्रश्न तोच विचारतात: आता सर्व्हर हवाच कशाला? गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर पत्रे, तक्ते, छायाचित्रे उत्तम राहतात आणि ज्यांचे सर्व काम तेवढेच आहे त्यांनी हे पुस्तक न घेताही चालेल. पण अनेक जण एकाच वेळी नोंदी करत असलेला टॅलीचा डेटा अशा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. दोन यंत्रांनी एकाच फाइलीचा वेगवेगळा तुकडा बदलला की सिंक करणारा कार्यक्रम दोन प्रती करतो किंवा डेटा बिघडवतो. स्कॅन केलेल्या हजारो पानांचा ढीग गावातल्या इंटरनेटवरून रोज वर-खाली करणेही जिकिरीचे. कार्यालयाच्या आतल्या गिगाबिट जाळ्यात सेकंदाला शंभर मेगाबाइटांच्या वर फाइल सरकते, आणि रस्त्याच्या कामात फायबर तुटला तरी आतले काम थांबत नाही. म्हणून माझा कौल असा: रोजचे काम इथल्या सर्व्हरवर, आणि त्याची कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली एक प्रत बाहेर, क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावात.

हे पुस्तक याच वेळी का? विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ च्या निकषांत न बसणारे, तरी चांगले चालणारे कितीतरी संगणक त्यामुळे बाजूला पडत आहेत. नवी डिस्क घालून त्यांवर डेबियन हे लिनक्स बसवले तर त्यांतला प्रत्येक संगणक लहान कार्यालयाचा सर्व्हर होऊ शकतो. दुसरीकडे, विंडोज ११ ची २०२४ ची २४एच२ ही आवृत्ती आल्यावर वर्षानुवर्षे पासवर्डशिवाय उघडणारे शेअर अनेक ठिकाणी एकाएकी उघडेनासे झाले, कारण संदेशांवर डिजिटल स्वाक्षरीची सक्ती आली आणि पाहुण्या (गेस्ट) खात्याला मज्जाव झाला. जुन्या झेरॉक्स मशीनवरून थेट फोल्डरमध्ये स्कॅन करणाऱ्यांचे कामही असेच अडते. ती यंत्रे एसएमबीची पहिली आवृत्ती बोलतात आणि नव्या प्रणाल्या ती बंद ठेवतात. अशा वेळी कोणीतरी इंटरनेटवर वाचून सगळी कुलपे काढून टाकतो आणि अडचण सुटली असे समजतो. असे करू नये. का करू नये, हे समजून घ्यायला २०१७ साल आठवावे.

त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो एसएमबीच्या याच जुन्या आवृत्तीतल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. २७ जूनला नॉटपेट्या आला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले. त्यांत जेएनपीटीचे मर्स्कच्या गटाकडून चालवले जाणारे टर्मिनलही होते, ज्या बंदरातून नाशिकची द्राक्षे बाहेर जातात. हंगाम तेव्हा संपलेला होता, हे आपले नशीब. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत होते. म्हणून सर्व प्रती एकदमच पुसल्या गेल्या. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार त्यांतला घानामधला एकच वाचला होता, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपली व्यवस्था पुन्हा उभारली. जाळ्यापासून तोडून ठेवलेली एक प्रत हवीच, असे मी प्रत्येक कार्यालयात सांगतो ते या घटनेमुळे.

बॅकअपवरचे प्रकरण म्हणूनच सर्वांत लांब आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या ‘रेड’ पद्धतीची कल्पना मांडली. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कांवरून तितक्याच तत्परतेने पुसतो. रेड म्हणजे बॅकअप, ही समजूत दुकानदारांनी पसरवली आहे आणि ती घातक आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेरगावी, हा नियम साधा आहे. त्यात मी एवढीच भर घालतो की महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक फाइल परत काढून, उघडून पाहावी आणि तारीख वहीत लिहावी.

कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपाव्या लागतात. कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. ती संगणकावर असतील तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार भारतातल्या सर्व्हरवर त्यांचा रोज बॅकअप हवा. शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच आहे, हे आपल्या संचालकांच्या पुष्कळदा लक्षात नसते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर सभासदांचे आधार आणि बँक तपशील सर्वांना उघड्या फोल्डरमध्ये ठेवणे तर मुळीच परवडणारे नाही.

परदेशी पुस्तकांत जे मिळत नाही ते इथल्या मातीचे. वीज जाणे हा आपल्याकडे अपवाद नसतो, म्हणून यूपीएसने सर्व्हरला नुसते जिवंत ठेवणे पुरत नाही. बॅटरी उतरू लागली की सर्व्हर आपणहून शिस्तीत बंद व्हावा, अशी तार आणि मांडणी हवी. शीतगृहाचा कॉम्प्रेसर सुरू होताना दाब हलतो, तेव्हा सर्व्हरची लाइन वेगळी आणि अर्थिंग तपासलेले हवे. द्राक्षांच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड घालतात. ओलाव्यात हा वायू धातू खातो, म्हणून पॅकिंगच्या खोलीत सर्व्हर नको. कार्यालय आणि शेड वेगळ्या इमारतींत असतील तर मध्ये तांब्याची केबल न टाकता फायबर टाकावा, नाहीतर वळवाच्या पावसातली एक वीज दोन्हीकडचे स्विच घेऊन जाते. केबलच्या आठही तारा नीट क्रिम्प झाल्या नाहीत तर गिगाबिटचा स्विच मुकाट्याने दहापट हळू चालतो आणि दोष सर्व्हरला दिला जातो. या गोष्टी लहान वाटतात, पण मी पाहिलेले बहुतेक बिघाड यांतलेच.

आणि मराठी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत केलेली वीस-पंचवीस वर्षांची पत्रे अनेक कार्यालयांत आहेत. तो फॉन्ट नसेल तर ती निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. सर्व्हरवर आणताना त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, निदान सोबत एक पीडीएफ ठेवावी. फाइलींची नावे देवनागरीत द्यायला आता काहीच हरकत नाही. मात्र तारीख नावाच्या सुरुवातीला, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहावी, आणि आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत वापरावेत, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

या पुस्तकातून कोणी नेटवर्क इंजिनिअर होणार नाही. तसा दावाही नाही. कार्यालयातला एक लिपिक किंवा संगणकचालक, जो एमएस-सीआयटी शिकला आहे आणि ज्याला इंग्रजी पाने वाचताना अडखळायला होते, त्याला आपल्या कार्यालयाचा सर्व्हर उभा करता यावा, सांभाळता यावा आणि बिघडला तर नाशिकहून माणूस येईपर्यंत काय करायचे व काय करायचे नाही हे कळावे, इतके त्याचे क्षेत्र आहे. आज्ञा जशाच्या तशा टंकाव्या लागतात, पण प्रत्येकीमागचे कारण मराठीत दिले आहे. कारण कळल्याशिवाय टंकलेली आज्ञा पुढच्या आवृत्तीत निरुपयोगी होते. ईमेल सर्व्हर, वेबसाइट, सीसीटीव्हीची साठवण हे विषय मुद्दाम वगळले आहेत. एका पेटीवर सगळे चढवण्याच्या मोहाने फाइलींची सुरक्षितता जाते.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक काम करावे. सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून कार्यालयात कोणकोणत्या प्रकारच्या फाइली आहेत त्याची यादी कागदावर लिहावी. प्रत्येकीपुढे ती कोण तयार करतो, कोणी पाहायची, कोणी बदलायची आणि किती वर्षे ठेवायची हे मांडावे. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कोणाकडे राहील आणि बंद पाकिटातली त्याची दुसरी प्रत कोणत्या कपाटात असेल, तेही त्याच कागदावर ठरवून अध्यक्षांची किंवा मालकांची सही घ्यावी. पहिल्या प्रकरणातली फोल्डरांची मांडणी या कागदावरूनच करायची आहे.

वणी, ता. दिंडोरी, जि. नाशिक